उखळीचा सांधा

शाळेच्या पुस्तकात आकृती होती,
उखळीचा सांधा : खुब्यात असतो, चहूकडे फिरतो.
गुरुजी म्हणाले, दोन मार्कांना येतो, पाठ करा.
पाठ केला. मग पस्तीस वर्षं वापरला
भुसावळच्या शेडात, इंजिनाच्या पोटाखाली, खड्ड्यात,
उकिडवं बसून, मान वर, हातात पाना,
बेअरिंग काय बोलतं ते ऐकत.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मांडी घालता येईना.
भरिताच्या पंगतीत सगळे पाटावर, मी एकटा स्टुलावर,
जसा कुणी इन्स्पेक्शनला आलेला साहेब.
पुण्याचे डॉक्टर म्हणाले, तरुण आहात,
आख्खा गोळा कशाला कापायचा?
वरवर तासू, धातूची टोपी बसवू,
वाटीही धातूची. हाड वाचेल.
मी म्हटलं, धातूवर धातू? आणि तेल?
ते हसले. तेल शरीर घालतं हो, भिरूड.
डोकं उखळात होतंच,
मुसळाला काय भ्यायचं.

अकरा वर्षं खोटं बोलणार नाही, झकास गेली.
सायकलवर यावल गाठून परत आलो,
नातीला खांद्यावर घेऊन मनुदेवीच्या पायऱ्या चढलो.
मग एका रात्री चंपा म्हणाली,
"काय वाजून राह्यलं हो? दार का तुम्ही?"
मी.

रक्त तपासलं. रक्तात कोबाल्ट.
ज्याच्या पात्यानं जन्मभर लेथवर लोखंड सोललं
तेच आता माझ्या नसांतून फिरत होतं,
हजेरी न लावता.

दुसऱ्यांदा उघडलं जळगावला, डॉ. फिरकेंनी.
शुद्धीवर आल्यावर पाण्याआधी मागितला
जुना पार्ट.
नियमात बसत नाही, म्हणाले,
आणि चौथ्या दिवशी उकळून, कागदात गुंडाळून दिला.
भिंग लावून पाहिला.
एका कडेला नखाएवढी कोर झिजलेली,
बाकी आरसा. दाढी करता येईल असा.
म्हणजे माल वाईट नव्हता.
बसवताना वाटी जरा उभी गेली असणार,
पाच-सात अंश, जास्त नाही.
असल्या कामावर आमचे फोरमन बोरोले
शिवी हासडून पुन्हा खड्ड्यात पाठवत.
मी कुणाला काही बोललो नाही.
पुण्याचा तो माणूस भला होता,
आणि माझ्या हातूनही
एक-दोन एक्सल तसेच बाहेर गेलेत.

आता आत सिरॅमिकचा गोळा, प्लॅस्टिकची वाटी,
मांडीच्या हाडात वीतभर दांडा.
पीओएच कधी? मी विचारलं.
फिरके रेल्वे क्वार्टरात वाढलेले, त्यांना कळलं.
म्हणाले, पहिल्या खेपेचे आकडे बरे आहेत,
शंभरातले साठेक पंचवीस वर्षं ओढतात.
दुसऱ्या खेपेचे त्याहून कमी.
तुमचं वय?
चौसष्ट.
त्यांनी हिशेब केला, मीही केला,
पार्ट आधी कंडम की इंजिन.
उत्तर कुणीच मोठ्यानं वाचलं नाही.

मुलाला सांगून ठेवलंय,
तापीवर सावडायला जाल तेव्हा राखेत दांडा निघेल,
भिऊ नका, नदीत टाकू नका,
चांगला धातू आहे, भाव येईल.
चंपा दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी कळण्याची भाकर ताटात आपटून म्हणाली,
"आधी मी जाईन. मंग विका."

हा नवा सांधा काही वाजत नाही.
जिन्यावर नाही, खुर्चीतून उठताना नाही.
पण शेडात आम्ही गप्प बेअरिंगवर
कधी विश्वास ठेवला नाही.
कान लावून कळलं नाही की पंजा ठेवायचा,
गरम लागलं की समजायचं.
म्हणून रात्री, सगळे झोपल्यावर,
मी खुब्यावर हात ठेवून पडतो.
अंधारात ती विचारते, "गरम हाये?"
वैशाखात भुसावळात
गादी गरम, भिंत गरम, माठावरचं फडकं गरम,
माझा हातच गरम.
काय सांगू तिला.